वाघ्या कॉटखाली आहे

पुण्यात भाड्याने जागा मिळवायची तर आधी मालकांच्या तोंडी परीक्षेला बसावं लागतं. लग्न झालंय का? रात्री उशिरा येता का? पाहुणेरावळे फार असतात का? अंडं-मटण चालतं का? वाघ्याला मी या परीक्षेला मनातल्या मनात बसवून पाहिलं आणि तो दरवेळी चांगल्या मार्कांनी पास झाला. लग्न झालेलं नाही, पण ऑपरेशन झालेलं असल्यामुळे त्याच्या चारित्र्याची काळजी नको. रात्री उशिरा यायचा प्रश्न नाही, कारण तो दिवसासुद्धा कुठे जात नाही. पाहुणे आले तर त्यांना तोंड दाखवत नाही. मोठ्याने गाणी लावत नाही, भिंतीला खिळे ठोकत नाही, पार्किंग मागत नाही. अंड्याचा तेवढा एक मुद्दा सोडला तर पेठेतल्या मालकाने डिपॉझिट न घेता किल्ली हातात ठेवावी असा हा भाडेकरू. तरी त्याला जागा मिळेना.

वाघ्या हा कुत्रा आहे, हे सांगायचं राहिलं. वय अंदाजे अकरा. अंदाजे अशासाठी, की कुत्र्याचं वय डॉक्टर दातांवरून सांगतात आणि याच्या तोंडात अंदाज बांधण्यापुरतेही दात उरलेले नाहीत. जात म्हणाल तर स्पिट्झ, ज्याला उभं पुणं पामेरियन म्हणतं तो. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधला टफी पाहून गल्लीगल्लीतल्या पोरांनी आईबापांकडे असल्या पांढऱ्या कुत्र्याचा हट्ट धरला होता. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पग आला आणि पामेरियन जुना झाला. मग लॅब्राडॉर आले. आता हिंजवडीत बाराव्या मजल्यावर सैबेरियाचा हस्की एसी लावून बसलेला असतो आणि खाली फिरायला नेला की पुण्याच्या मे महिन्याकडे अविश्वासाने पाहतो. कपड्यांची फॅशन गेली तर बोहारणीकडून एखादं भांडं तरी पदरात पडतं. कुत्र्यांना बोहारीण नसते, बायपास असतो. वाघ्या तिथेच सापडला, कात्रजच्या बाजूला. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यावर नाव-गाव काही नाही.

वाघ्या हे नाव शेल्टरच्या पोरांनी ठेवलं. आल्या आल्या तो पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसला आणि जेवायलासुद्धा बाहेर येईना, म्हणून. नावं ठेवण्यात त्या पोरांचा हात कुणी धरणार नाही. तिथल्या तीन पायांच्या कुत्रीचं नाव हिरकणी आहे.

पुण्यात मुक्या जनावरांसाठी झटणाऱ्यांची कमतरता नाही. मुंढव्याला ब्लू क्रॉस आहे, बावधनला २००७ पासून रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे. शिवाय शहराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या तरी मेहरबानीच्या जागेत, स्वतःच्या पगारातून पाच-पन्नास कुत्री सांभाळणारी मंडळी आहेत, ज्यांची नावं कधी कुठे छापून येत नाहीत. माझी पुतणी रविवारी अशाच एका शेडमध्ये जाते. तिच्याकडून कळलं की तिथे पिल्लू आलं तर आठवड्यात घरी जातं, आणि म्हातारं आलं तर ते तिथलंच होतं. त्यात वाघ्यासारख्या भित्र्या म्हाताऱ्याचे हाल फार. चारी बाजूंनी अहोरात्र भुंकणं चालू, त्यामुळे याने अन्न टाकलं.

‘‘काका, फक्त पंधरा दिवस ठेवा,’’ पुतणी म्हणाली. याला त्यांच्या भाषेत फॉस्टर करणं म्हणतात. असे किती पंधरवडे गेले ते आमच्या घरात मोजत नाहीत.

वाघ्या ज्यांना भितो त्यांची यादी बायकोने फ्रिजवर लावली होती. छत्री. झाडू. कुकरची शिट्टी. वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाज. उंच माणूस. टोपी घातलेला माणूस. तोच माणूस टोपी काढताना. स्वतःला शिंक आली तर कोण आलं ते पाहायला तो कॉटखाली जायचा. एका रिक्षाला मात्र तो अजिबात भीत नाही. पुण्याच्या रस्त्यावर ज्या एका गोष्टीला भ्यावं, तीच नेमकी त्याच्या यादीत नाही. रिक्षा दिसली की हा लगबगीने आत चढून कोपऱ्यात बसणार आणि मीटर पडायची वाट बघणार. म्हणजे कधीकाळी कुणीतरी याला रिक्षातून बरंच फिरवलं होतं, मांडीवर घेऊन असेल. ते माणूस कोण आणि त्याचं पुढे काय झालं, याचा आमच्या घरात रोज एक नवा सिद्धान्त निघायचा.

आणि त्याचं ते बिस्किट घेणं. मारीचा तुकडा कॉटच्या कडेला ठेवला की आधी नाक बाहेर यायचं. मग मान. मान इतकी लांब व्हायची की हा कुत्रा आहे की जिराफ, असं वाटावं. पुढचे दोन पाय इंचाइंचाने बिस्किटाकडे सरकायचे, मागचे दोन मात्र जागेवर, परतीच्या वाटेवर रोखलेले. बिस्किट तोंडात आलं की सगळा कुत्रा एका झटक्यात मागच्या पायांकडे गोळा होऊन दिसेनासा व्हायचा. मग अंधारातून कुरकुर आवाज. दात नसल्यामुळे तोही बराच वेळ.

आता तब्येतीचं. हृदयाची एक झडप गळते. त्यासाठी पिमोबेंडन नावाची गोळी दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात. पूर्वी कधीतरी गोचीडताप होऊन गेल्याच्या खुणा रक्तात. रात्री दोन वाजता खोकला. ‘‘माझ्या माहेरच्या सगळ्यांचे केसपेपर एकत्र शिवलेत,’’ बायको म्हणाली. गोळी देणं हा वेगळाच कार्यक्रम. दहीभातात कालवून दिली तर दहीभात संपायचा आणि ताटलीच्या मधोमध गोळी उरायची, स्वच्छ चाटूनपुसून. जो कुत्रा पिशवीच्या सळसळीला घाबरून थरथरतो, तो औषधाच्या बाबतीत एवढा ठाम कसा असू शकतो, हे मला आजही कळलेलं नाही.

मग तुम्हीच का नाही ठेवून घेतला, असं तुम्ही विचारणार. सगळे विचारतात. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारत लिफ्टचा शोध पुण्यात पोचायच्या आधीची आहे. जिना त्याला वर्ज्य. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्याला काखेत मारून मी चार मजले खाली आणि चार मजले वर. त्याच्या हृदयावर ताण नको म्हणून माझ्या हृदयावर. त्याचे डॉक्टर यावर अगदी खूश होते. माझे नव्हते.

तेव्हा जाहिरात द्यायचं ठरलं. पुतणीने केलेला मसुदा असा होता, की वाचणाऱ्याला वाटावं आपण एखादा रिसॉर्ट बुक करतोय. निवांत स्वभाव, घरात राहायची आवड, मोठे बोलके डोळे वगैरे. डोळे बोलके कसले, एकात मोतीबिंदू होता. मी म्हटलं, खोटं नको, उद्या लोक परत आणून सोडतील. बायको म्हणाली, थोडक्यात लिहा, शब्दाला पैसे पडत नसले तरी. शेवटी मजकूर ठरला तो असा: वय अकरा. घाबरट. हृदयाचा आजार. एका डोळ्याने दिसत नाही. जिना चढवत नाही. भुंकत नाही. तळमजला असल्यास प्राधान्य.

‘‘काका, ही जाहिरात आहे की तक्रार अर्ज?’’ पुतणीने विचारलं. पण तिने ती पाठवली, आणि संपर्कासाठी माझा नंबर दिला.

पहिला फोन एका बाईंचा. ‘‘पिल्लू आहे का?’’

‘‘अकरा वर्षांचं आहे.’’

‘‘मग त्याला पिल्लं कधी होतील?’’

प्रभात रोडवरच्या एका बंगलेवाल्यांना राखणीला कुत्रा हवा होता. ‘‘चोर आला तर काय करेल?’’ त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की कॉटखाली सरकून चोराला जागा करून देईल. एका गृहस्थांना शनीची साडेसाती होती आणि ज्योतिषाने काळा कुत्रा सांगितला होता. वाघ्या मुळात पांढरा, आता ताकाच्या रंगाचा. ‘‘बराच अंधार असेल तर?’’ असं त्यांनी विचारलं खरं, पण त्यांचं त्यांनाच पटलं नसावं. बाणेरहून एक जोडपं आलं, अतिशय गोड मुलं. त्यांनी कॉटपुढे मांडी घालून गोल दिवा लावला आणि मोबाइलवर रील काढायला सुरुवात केली. वाघ्याने दिवा पाहिला आणि तो कॉटखालून, आजवर कुणालाही न सापडलेल्या एखाद्या वाटेने, थेट मोरीत गेला. रीलला पुष्कळ लाइक्स मिळाल्याचं नंतर कळलं. त्यात कुत्रा नव्हता, पण आमची कॉट छान आली होती.

या सगळ्यांत फार्महाऊसवाले निराळे. सधन पुणेकराची मुळशीला नाहीतर पानशेतला थोडी जमीन असते आणि तिच्यावर एक मन मोठं केलेलं घर असतं. ‘‘अहो, आमच्याकडे सोडा की! मोकळी हवा, पाच गुंठे रान, मनसोक्त हुंदडेल.’’ अकरा वर्षांचा, संधिवाताचा, पानांच्या सळसळीला भिणारा कुत्रा पाच गुंठ्यांत हुंदडेल? रात्री कोण असतं तिथे? रखवालदार. गोळ्या कोण देणार? रखवालदार. आणि तुम्ही? आम्ही येतो की, जमेल तसे शनिवार-रविवार. घरात नको झालेला सोफा, बंद पडलेला फ्रिज, आत्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, या सगळ्याची रवानगी शेवटी फार्महाऊसवर होते, आणि तिथे पोचलं की टाकून दिल्याचं पाप लागत नाही. या मंडळींशी बोलताना माझा आवाज चढायचा. मग मी फोन बायकोकडे द्यायचो आणि तिचा माझ्याहून चढायचा.

उरलेल्या बहुतेकांना कुत्रा नकोच होता, त्यांना सल्ला द्यायचा होता. हळद द्या. अश्वगंधा द्या. गोमूत्राचे थेंब द्या. आमच्या ओळखीत एक डॉक्टर आहेत, घोड्यांचे आहेत पण माणूस फार चांगला. जगातल्या कुठल्याही दुःखावर आपल्याकडे उतारा आहे आणि तो समोरच्याला ताबडतोब सांगितला पाहिजे, ही निकड पुण्याच्या पाण्यातच असावी.

कोथरूडचं एक कुटुंब मात्र अगदी तयार झालं होतं. घर चांगलं, लिफ्ट होती, मुलगी मोठी आणि शांत. आडवे आले सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचा ठराव आहे म्हणाले, कुत्रा चालणार नाही, लिफ्टमध्ये तर नाहीच. पुतणीने भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना त्यांच्या टेबलावर ठेवल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. चेअरमननी त्या चष्मा लावून वाचल्या आणि त्यांच्यावर पेपरवेट ठेवला. त्यांच्या डोक्यामागे दत्ताची मोठी तसबीर होती, ताजा हार घातलेली. दत्ताच्या पायाशी नेहमीप्रमाणे चार कुत्री.

पुतणीने नुसतं तिकडे बोट दाखवलं.

‘‘ते चार वेद आहेत,’’ चेअरमन म्हणाले.

‘‘आमचं एक उपनिषद समजा.’’

चेअरमन हसले नाहीत. त्या कुटुंबाने दोन दिवसांनी नकार कळवला. कायदा त्यांच्या बाजूने होता, पण पार्किंगचं वाटप चेअरमनच्या हातात होतं.

तसं पाहिलं तर महाराष्ट्राने कुत्र्यांचे लाड केलेच नाहीत असं नाही. वाघाच्या शिकारीत जीव वाचवला म्हणून साताऱ्याच्या शाहू महाराजांनी आपल्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान दिला होता असं सांगतात, आणि माहुलीच्या संगमावर त्याची समाधी दाखवतात. आमच्या वाघ्याच्या नावाचा दुसरा वाघ्या रायगडावर आहे. त्याचं स्मारक १९३६ सालचं. हा कुत्रा इतिहासात होता की नव्हता यावर अभ्यासक भांडतात. २०१२ मध्ये त्याला चौथऱ्यावरून काढलं, पुन्हा बसवलं, २०२५ मध्ये पुन्हा हलवायची मागणी झाली. तो दगडाचा आहे. भुंकत नाही, खात नाही, त्याला गोळ्या लागत नाहीत, त्याला फिरवावं लागत नाही. त्याला जर एका जागी स्वस्थ बसू देत नाहीत, तर आमच्याची काय कथा.

हे सगळं चालू असतानाच ऑगस्ट २०२५ उजाडला आणि सर्वोच्च न्यायालयाचे दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले. ११ तारखेला एक, २२ तारखेला त्यात बदल करणारा दुसरा. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर त्या अकरा दिवसांत जेवढं कायदेपांडित्य झालं तेवढं विधी महाविद्यालयाच्या आवारात वर्षभरात होत नसेल. हे भांडण तसं जुनं आहे. १८३२ साली कंपनी सरकारच्या पोलिसांनी कुत्री मारायला घेतली तेव्हा मुंबईत पारशी मंडळींनी दंगल केली होती. दुसऱ्या आदेशात असंही आहे, की प्राणिप्रेमींना अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची. ‘एवढं प्रेम आहे तर घरी न्या!’ असं ग्रुपवर ज्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, त्यांना मी वाघ्याची जाहिरात पाठवली. आणि ज्यांनी प्रेमाची बाजू लावून धरली होती त्यांनाही पाठवली. ग्रुपवर इतकी शांतता मी पहिल्यांदाच पाहिली.

आता मुख्य अडचण. कुत्रा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला पुतणी दारातच सूचना द्यायची. त्याच्या डोळ्यांत बघू नका. त्याच्यावर वाकू नका. डोक्यावरून हात फिरवू नका. कडेला, जमल्यास पाठ करून बसा आणि त्याला त्याच्या वेळेने येऊ द्या. भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. एकटक बघणं म्हणजे त्याच्या हिशेबी धमकी. पण प्रेम करायला आलेला माणूस ऐकतो थोडाच? ‘‘आलं गं माझं सोनं ते, कुठे लपलंय शोनू?’’ असं किंचाळत माणसं गुडघ्यांवर बसायची आणि दोन्ही हात पुढे करून सरळ कॉटखाली डोकं घालायची. कॉटखालून ते कसं दिसत असेल याची कल्पना करा. एवढं मोठं तोंड, उलटं, सगळे दात बाहेर. मी स्वतः तिथे असतो तर मोरीत गेलो असतो.

आणि मग नाना आले.

फोनवर त्यांनी स्वतःचं नाव नंतर सांगितलं. आधी म्हणाले, ‘‘जाहिरातीत तळमजल्याला प्राधान्य लिहिलंय. माझा तळमजला आहे. उद्या चारला येतो.’’ चारच्या आधी येणं शक्य नव्हतं, कारण ते सदाशिव पेठेत राहतात आणि दुपारी झोपतात. वय अठ्ठ्याहत्तर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. बायको काही वर्षांपूर्वी गेली, मुलगी सिअॅटलला. कान वयोमानाने गेलेले. यंत्र आहे, पण ते टेबलाच्या खणात असतं.

चारच्या ठोक्याला बेल वाजली. डोक्याला टोपी, हातात छत्री, काखेत वर्तमानपत्र आणि उंची सहा फूट. फ्रिजवरची अर्धी यादी दारात उभी होती. नानांनी आधी आमच्या जिन्याला नावं ठेवली. मग उजेड चांगला येतो म्हणून खिडकीकडे तोंड आणि कॉटकडे पाठ करून बसले. छत्री जमिनीवर आडवी ठेवली. कुत्रा कुठे आहे, हे विचारलं नाही. पाणी किती वाजता येतं ते विचारलं. चहा आला तेव्हा आलं जास्त झालंय म्हणाले आणि सगळा प्यायले. मग पेपर उघडला. पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर जायला त्यांना पाऊण तास लागतो, त्यामुळे सळसळ म्हणून नाही. पुतणीने दोनदा सूचना द्यायला तोंड उघडलं, पण देण्यासारखी एकही सूचना शिल्लक नव्हती.

बऱ्याच वेळाने नाक बाहेर आलं. मग मान. मग पुढचे पाय. आणि मग आम्ही कधीही न पाहिलेली गोष्ट झाली, मागचे पाय पण आले. वाघ्याने छत्रीला वळसा घातला, नानांच्या धोतराचा काठ हुंगला, विचार केला आणि त्यांच्या टाचेला पाठ लावून बसला. बायको स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी होती. तिने झारा खाली ठेवायचं धाडस केलं नाही.

नानांनी पेपरमधून मान वर केली नाही. ‘‘बसलं का?’’ एवढंच विचारलं, नको तितक्या मोठ्या आवाजात. वाघ्या जागचा हलला नाही.

कुत्र्यांच्या स्वभावाचे तज्ज्ञ हल्ली तासावर पैसे घेऊन जे शिकवतात, ते पेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानाच्या काउंटरवर फुकट बघायला मिळतं. समोर आलेल्याकडे बघायचं नाही. त्याच्या येण्याने आपल्याला आनंद झालाय असं भासू द्यायचं नाही. आपणहून बोलायचं नाही. गरज असेल तर तो विचारेल, नसेल तर जाईल. या वागण्याबद्दल सगळ्या महाराष्ट्राने पुण्याला बोल लावले. अर्धं आयुष्य मीही मुंबईच्या पाहुण्यांपुढे त्याबद्दल ओशाळलो. पण ज्याच्यावर आजवर माणसं नुसती झडप घालत आली, मारायला नाहीतर कुरवाळायला, त्या जिवाला कुणीतरी आपली दखल घेत नाही हेच मोठं सुख होतं. बाणेर, कोथरूड आणि प्रभात रोडच्या मायेला जे जमलं नाही ते सदाशिव पेठेच्या तुटकपणाने तासाभरात करून दाखवलं.

शेल्टरच्या नियमाप्रमाणे पुतणी घर बघायला गेली. जुना वाडा, तळमजला, दोन फुटी भिंतींचं माजघर. घरात टीव्ही होता, पण ऐकू येत नाही तर बघायचा कशाला, म्हणून बंद. तिने फॉर्म काढला. नाना खूश झाले, फॉर्मवर त्यांची श्रद्धा आहे. एका रकान्यावर मात्र ती अडखळली.

‘‘आजोबा, राग मानू नका, पण तुमच्यानंतर कुत्र्याचं कोण बघणार?’’

‘‘त्याचं वय अकरा, माझं अठ्ठ्याहत्तर,’’ नाना म्हणाले. ‘‘दोघांची झडप खराब. शर्यत अटीतटीची आहे. मागे राहिलो तर मी बघीन, तो राहिला तर तू ये. लिही तसं.’’

तिने तसं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. मला हे हिशेबी बोलणं आवडलं. पंच्याहत्तरीच्या घरात दोन महिन्यांचं पिल्लू आणणारी माणसं मी पाहिली आहेत. ते पुढची चौदा वर्षं जगणार असतं आणि हे कुणी मोजलेलं नसतं. म्हातारं कुत्रं म्हाताऱ्या माणसाच्या बेताचं असतं. त्याला टेकडीवर पळायला जायचं नसतं. गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन वाटेत दोनदा टेकलं की दोघांचाही व्यायाम होतो.

गणपतीवरून आठवलं. पेठेत घर म्हणजे ढोल-ताशा आला आणि विसर्जनाची मिरवणूक हल्ली तीस तासांच्या घरात जाते. पुतणीचा जीव त्यातच अडकला होता. नानांचं उत्तर तयार होतं. विसर्जनाला ते स्वतःच पुण्यात नसतात, आदल्या दिवशी साताऱ्याला बहिणीकडे जातात. बाकीच्या दिवसांसाठी माजघर आहे आणि डॉक्टरांनी दिलेली भीतीची गोळी आहे. ‘‘मला ऐकू येत नाही, त्याला माजघर आहे. ढोलवाल्यांनी खुशाल वाजवावं.’’ आयुष्यभर दारूगोळा केलेल्या माणसाच्या घरी लवंगी फटाक्याला भिणारा कुत्रा निघाला होता.

नेताना अर्थात रिक्षा. दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा म्हणून नाही म्हटलं, तिसऱ्याने जवळचं भाडं म्हणून. चौथा तयार झाला तेव्हा त्याच्या होकाराची वाट न बघता वाघ्या आत बसलेला होता. नाना शेजारी. दोघंही समोर बघत. निरोपाची वेळ म्हणून बायकोने डोळ्याला पदर लावला, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्याच दिवशी नानांनी रेबीजच्या लशीचा दाखला घेऊन महापालिकेच्या परवान्याचा अर्ज केला. या शहरात कुत्र्याचा परवाना लागतो हे पुष्कळांना माहीत आहे. तो काढलेला माणूस मी प्रथमच पाहिला. सिअॅटलहून मुलीने फोन करून वडिलांना झापलं, स्वतःच्या गोळ्या लक्षात राहत नाहीत आणि कुत्र्याच्या काय ठेवणार. झालं असं की वाघ्याची गोळी सकाळी सातला उपाशीपोटी आणि नानांची थायरॉइडचीही तेव्हाच. एकाची दिली की दुसऱ्याची आठवण होते. कुणामुळे कुणाची, ते विचारलं तर नाना चिडतात. उकडलेलं अंडं त्या घरात पहिल्यांदा शिजलं ते डॉक्टरांची चिठ्ठी देवघराशेजारी लावून.

वाड्यात वरच्या मजल्यावर एक आजी आहेत. त्यांना वाघ्याला तूप घालायचं असतं. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको रे म्हणून, आणि आपण साधा चमचाभर घालायचा नाही? डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या भीतीने तूप साफ बंद केलंय. हे आजींना समजावण्यात नानांची संध्याकाळ जाते. आजींचं म्हणणं, नामदेवांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. नानांना ते ऐकू येत नाही, की येतं, सांगता येणार नाही.

परवा त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार होती.

‘‘तुमच्या जाहिरातीत ‘भुंकत नाही’ असं लिहिलं होतं.’’

‘‘नाहीच भुंकत.’’

‘‘काल पोस्टमनवर भुंकला. आज गॅसवाल्यावर. आत्ता वरच्या आजी तूप घेऊन आल्या तर त्यांच्यावरसुद्धा. मला ऐकू आलं म्हणजे किती मोठ्याने असेल बघा. असा चुकीचा मजकूर देत जाऊ नका.’’

‘‘मग परत आणून सोडताय का, नाना?’’

त्यांनी फोन ठेवून दिला होता.